न वाजणारा स्पीकर

माझ्या टेबलाखाली लाकडाची एक पेटी आहे. आकारानं बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी, पण उचलायला गेलं तर अंदाज चुकतो, इतकी जड. एका बाजूला वायर खुपसायची जागा, दुसऱ्या बाजूला बारीक वायर बाहेर काढायची जागा, मागे अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक आणि वर एक छोटा पंखा. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर या पेटीला जोडायचा आणि पूर्ण जोरात चालवायचा. त्याची सगळी ताकद पेटीत येते. खोलीत मात्र गिटारच्या तारांचा किणकिणाट सोडला तर जवळजवळ काही ऐकू येत नाही.

हा न वाजणारा स्पीकर मी मुद्दाम तयार केला. याला ‘रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स’ म्हणतात. तुम्ही म्हणाल, आवाज नको असेल तर बटण पिळून कमी करावा. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मलाही सुरुवातीला असंच वाटलं होतं. या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक ट्रान्सफॉर्मर जळाला, एक किलो तांबं खर्ची पडलं आणि आपण ज्याला नुसता ‘स्पीकर’ म्हणतो तो काय काय करत असतो, ते कळलं. तेच आज सांगणार आहे.

आमच्याकडे भाचा शिकायला राहतो. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्याच्याकडे पंधरा वॅटचा एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. ज्यांच्या घरी एकेकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना आठवत असेल: बटण लावल्यावर थोडं थांबावं लागायचं, आत नारिंगी उजेड दिसू लागायचा आणि मग आवाज यायचा. त्या रेडिओंमध्ये शेवटची ताकद देणारा ईएल ८४ नावाचा व्हॉल्व्ह पुष्कळदा असे. तसेच दोन व्हॉल्व्ह या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहेत. रेडिओतून ते गेले, पण गिटारवाल्यांनी सोडले नाहीत. म्हणून ते आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये तयार होतात.

गिटारवाल्यांना व्हॉल्व्ह का हवेत? कारण हा अ‍ॅम्प्लिफायर ताकदीच्या मर्यादेपर्यंत चालवला की त्याचा आवाज फाटू लागतो आणि ते फाटणं कानाला गोड लागतं. ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प्लिफायर मर्यादा आली की लाटेचा माथा एकदम कापून टाकतो. व्हॉल्व्ह तो माथा हळूहळू दाबतो. मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात आणि आवाज भरदार होतो. १९६२ मध्ये लंडनजवळच्या हॅनवेल इथल्या दुकानात जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन ‘फेंडर बेसमन’च्या मांडणीवरून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रणाला गेला, तेव्हा तो मार्शलचाच अ‍ॅम्प्लिफायर प्रयोगात वाजवतात तितक्याच मोठ्यानं वाजवण्यावर अडून बसला. स्टुडिओतल्या मंडळींना हे नवीन होतं. पण रॉकच्या गिटारचा आवाज कसा असावा, याचं माप त्या तबकडीनं घालून दिलं.

अडचण इथेच आहे. तो आवाज हवा तर अ‍ॅम्प्लिफायर जोरातच चालवावा लागतो. गिटारचा बारा इंची स्पीकर फार तरबेज असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर तो सुमारे अठ्ठ्याण्णव डेसिबल आवाज करतो. पंधरा वॅट दिले की एकशे दहाच्या आसपास. आपल्या देशातल्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मग छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का? इथे आपला कान फसवतो. ताकद निम्मी केली तर आवाज फक्त तीन डेसिबलनं उतरतो. पंधरा वॅटचा शंभरावा हिस्सा, म्हणजे वाटाण्याएवढी ताकद घेतली, तरी वीसच डेसिबल कमी होतात. नव्वद उरतातच. आणि नव्वद डेसिबलनंही सोसायटीची सभा भरते.

आमच्याकडे सभा भरली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू एक दिवस खाली आल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “आमच्याकडे दहावी आहे हो यंदा.” महाराष्ट्रात या वाक्यापुढे काही बोलता येत नाही.

त्या संध्याकाळी भाच्यानं स्वतःच उपाय काढला. स्पीकरची वायर उपसली, अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या टप्प्यावरून एक तार आधीच कोणीतरी बाहेर काढून ठेवली होती, ती कॉम्प्युटरला जोडली आणि हेडफोन लावून तासभर मनसोक्त वाजवलं. मग हेडफोनमधला आवाज बंद झाला आणि खोलीत जळका वास सुटला.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि विचारलं, “साहेब, स्पीकर काढून चालवला का?”

स्पीकर काढला तर अ‍ॅम्प्लिफायरवरचा बोजा कमी व्हायला हवा, मग तो जळला कसा? रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजू जोर लावताहेत तोवर दोर ताणलेला, पण सगळे उभे. समोरच्यांनी एकाएकी दोर सोडून दिला की जोर लावणारे पाठीवर आपटतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असाच भाराला धरून उभा असतो.

व्हॉल्व्हला विजेचा दाब जास्त लागतो, प्रवाह थोडा चालतो. स्पीकरचं उलटं आहे. म्हणून दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवतात. भाच्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हच्या जोडीला समोर सुमारे आठ हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. प्रमाण हजारास एक. त्याचं वर्गमूळ काढलं की ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं प्रमाण येतं, साधारण बत्तीसास एक. व्हॉल्व्ह या ट्रान्सफॉर्मरच्या चष्म्यातून स्पीकरकडे पाहतो आणि त्याला आठ ओहमचे आठ हजार दिसतात. स्पीकर काढून टाकला की समोर काहीच दिसत नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या चुंबकीय ऊर्जेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि प्रत्येक झटक्याला दाब नेहमीच्या कित्येक पट उसळतो. मग तो तारेवरचं पातळ आवरण फोडून जातो, नाहीतर व्हॉल्व्हच्या खुंट्यांमध्ये ठिणगी पाडतो.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचं बहुधा नेमकं उलटं असतं. स्पीकर काढला तर तो स्वस्थ बसतो, पण स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर जळतो. दोन्ही प्रकारची यंत्रं घरात असतात, तिथे हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून आला. आता प्रश्न असा होता: भार तर द्यायचा, पण आवाज होऊ द्यायचा नाही. सरळ उत्तर म्हणजे स्पीकरच्या जागी आठ ओहमचा मोठा रेझिस्टर लावायचा. हीटरच्या तारेसारखाच तो, सगळी ताकद उष्णतेत घालवणारा. ही कल्पना जुनी आहे. ‘बॉस्टन’ या अमेरिकन बँडचा टॉम शॉल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनियर. पोलरॉइड कंपनीत नोकरी करता करता त्यानं १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बमचा बराचसा भाग घराच्या तळघरात ध्वनिमुद्रित केला. पुढे १९८० च्या सुमारास त्यानं ‘पॉवर सोक’ नावाची पेटी बाजारात आणली. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून बरीचशी ताकद रेझिस्टरांमध्ये जिरवायची, एवढंच तिचं काम.

मीही आधी तेच केलं. रेझिस्टर लावला, त्याच्या टोकांवरून थोडासा सिग्नल काढून कॉम्प्युटरला दिला. अ‍ॅम्प्लिफायर सुखरूप राहिला. भाच्यानं दोन मिनिटं वाजवून गिटार खाली ठेवली. “मामा, आवाज बरोबर आहे, पण मेलेला आहे. घोंगडीखालून आल्यासारखा.” मला आधी ही नव्या पिढीची नाटकं वाटली. मग मीटर काढला, तेव्हा समजलं की त्याच्या कानाला जे कळलं ते मोजता येतं.

स्पीकरवर ‘आठ ओहम’ असं छापलेलं असतं. ते बऱ्याच अंशी सोयीसाठी. भाच्याच्या अ‍ॅम्प्लिफायरबरोबरच्या बंद पेटीतल्या स्पीकरला साधा मीटर लावला तर पावणेसात ओहमच दिसले. पण साधा मीटर एका दिशेनं वाहणारी वीज सोडून मोजतो. गाण्यातली वीज दर सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलते. अशा विजेला होणाऱ्या विरोधाला ‘इम्पिडन्स’ म्हणतात आणि तो सुरागणिक बदलतो.

तो मोजायला फार सामान लागत नाही. कॉम्प्युटरमधून एकेक शुद्ध सूर सोडायचा, मध्ये हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांवरचा दाब बघायचा. हजार ओहमपुढे स्पीकर किरकोळ असल्यामुळे प्रवाह जवळजवळ तोच राहतो आणि दाब थेट इम्पिडन्सच्या प्रमाणात येतो. फक्त मीटर मिलिव्होल्ट दाखवणारा आणि वरच्या सुरांवरही खरं बोलणारा हवा. स्वस्तातले मीटर घरच्या पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी केलेले असतात, हजारांच्या पुढे ते काहीही सांगतात. त्यात माझी एक सुट्टी वाया गेली.

कागदावर आलेख काढला. चारशे हर्ट्झच्या आसपास इम्पिडन्स सात ओहम. तिथून खाली येताना वाढत वाढत एकशे दहा हर्ट्झच्या जवळ एकदम चाळिशीवर. त्याच्याही खाली गेलं की पुन्हा उतार. आणि दुसऱ्या बाजूला, चारशेच्या वर, हळूहळू चढण: पाच हजारांवर सतरा-अठरा, दहा हजारांवर सत्तावीस-अठ्ठावीस. डाव्या हाताला एक उंच सुळका, मध्ये दरी आणि उजव्या हाताला लांबलचक घाट, असा तो आलेख दिसत होता. रेझिस्टरचा आलेख म्हणजे आठवर मारलेली सरळ रेघ.

सुळका कुठून आला? स्पीकरचा कागदी पडदा आणि त्याच्या कडेची लवचिक घडी मिळून एक झोपाळा होतो. प्रत्येक झोपाळ्याची आपली एक लय असते. त्या लयीत ढकललं की थोड्या जोरात तो मोठे झोके घेतो. पडद्याला चिकटलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत हलत असते, आणि चुंबकाजवळ तार हलली की तिच्यात वीज तयार होते. म्हणजे स्पीकर हा छोटा जनरेटरही आहे. झोका जितका मोठा तितकी ही उलटी वीज जास्त, आणि ती येणाऱ्या विजेला अडवते. म्हणून त्या एका लयीजवळ विरोध आकाशाला भिडतो. उजवीकडचा घाट साधा आहे. कोणतीही कॉइल भरभर दिशा बदलणाऱ्या विजेला जास्त अडवते, सूर जितका उंच तितकी जास्त.

पण याचा आवाजाशी काय संबंध? संबंध व्हॉल्व्हच्या स्वभावात आहे. ट्रान्झिस्टरचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर हट्टी असतो. समोर कितीही ओहम असोत, ठरलेला दाब तो देतोच. व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर समोरच्याचा कल बघून वागतो. जिथे इम्पिडन्स जास्त, तिथे त्याच्या टोकांवर दाबही जास्त चढतो. त्यामुळे स्पीकरच्या सुळक्यावर खर्ज उचलला जातो, घाटावर तीव्र सूर उचलले जातात, दरीतले सूर मागे राहतात. आपण ज्याला अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज म्हणतो त्यातला बराच भाग या देवाणघेवाणीचा असतो. रेझिस्टर नुसता सोसतो, उलट काही बोलत नाही. म्हणून आवाज घोंगडीखालचा.

मग ठरवलं, की सुळका आणि घाट दोन्ही असलेला, पण हवा न हलवणारा भार तयार करायचा. विजेच्या शास्त्रात हे अवघड नाही. झोपाळ्याला वजन आणि स्प्रिंग लागते, विजेत त्यांची कामं कपॅसिटर आणि कॉइल करतात. कपॅसिटर आणि कॉइल शेजारी शेजारी, समांतर जोडले की तेही एका ठरावीक लयीत झोके घेतात आणि त्या लयीजवळ वाट अडवतात. दहा मिलिहेन्रीची कॉइल आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर लय येते १०७ हर्ट्झ. सुळका जागच्या जागी. घाटासाठी अर्ध्या मिलिहेन्रीची दुसरी, छोटी कॉइल. ती एकटी फार उभी चढते, म्हणून तिच्या समांतर ३३ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे चढण जरा पसरट होते. आणि या दोन जोड्यांच्या ओळीत मुख्य भार: ६.८ ओहमचा, शंभर वॅटचा रेझिस्टर. ताकद खरी जिरते ती इथे. कागदावर हे सारं पाच तुकड्यांत संपतं.

हातानं करायला घेतलं तेव्हा वेळ लागला तो मोठ्या कॉइलला. लोखंडी गाभा घातला असता तर वेढे कमी लागले असते, पण जोराचा प्रवाह आला की लोखंड चुंबकत्वानं तुडुंब भरतं आणि कॉइलचा गुण बदलतो. गिटारवाला तर जोरातच वाजवणार. म्हणून गाभा न घालता हवेतच गुंडाळायचं ठरवलं. १.२ मिलिमीटर जाडीची एनॅमलची तांब्याची तार, पाच सेंटिमीटर व्यासाच्या लाकडी रिळावर सुमारे चारशे वेढे. जवळजवळ पंचाण्णव मीटर तार, वजन किलोला थोडं कमी. मी मोजत होतो आणि भाचा रीळ फिरवत होता. दोनशे सत्तरला फोन आला आणि आकडा विसरलो, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

या कॉइलचा स्वतःचा रोध दीड ओहम भरला. आधी मला तो दोष वाटला. हिशेब केल्यावर दिसलं की या दीड ओहममुळेच सुळका अमर्याद उंच न जाता चाळिशीच्या जवळ थांबतो, म्हणजे जवळपास खऱ्या स्पीकरइतकाच. स्पीकरच्या झोपाळ्यालाही घर्षण असतंच की! छोटी कॉइल मात्र एकशे वीस वेढ्यांत झाली.

बाकीच्या खुब्या करताना कळत गेल्या. कपॅसिटर दोन्ही दिशांची वीज सोसणारा, म्हणजे नॉन-पोलर आणि शंभर व्होल्टचा हवा. पॉवर सप्लायमध्ये असतो तसा अधिक-उणे खुणांचा घेतला तर तो फुगतो आणि फुटतो. दोन कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात ठेवायच्या, नाहीतर एकीचं चुंबकत्व दुसरीत शिरतं. त्या आवळायला पितळी स्क्रू वापरायचे. पेटी लोखंडी नको, हे त्याच कारणानं.

आणि उष्णता. पंधरा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर फाटेपर्यंत चालवला की त्यातून पंचवीस वॅटही निघू शकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातल्या रेझिस्टरवर शंभर वॅट लिहिलेलं असतं, ते तो हीटसिंकवर घट्ट बसवला असेल तरच खरं. मोकळ्यावर त्याची ताकद निम्म्याच्याही खाली येते. पहिल्या दिवशी मी पंखा लावला नव्हता. पाऊण तासात हीटसिंकवर हात ठेवता येईना. आवाज दिसेनासा केला तरी ऊर्जा कुठे जात नाही, ती हाताला चटका देऊन सांगते.

दोन गोष्टी मी ट्रान्सफॉर्मरच्या जळक्या वासाची आठवण ठेवून केल्या. एक म्हणजे, आतला प्रत्येक जोड आधी तार पिळून, अडकवून मग डाग दिला. नुसत्या डागावर भिस्त ठेवली आणि उष्णतेनं तो सुटला, तर पुन्हा दोर सोडल्याचीच कथा. दुसरी म्हणजे, पेटीच्या तोंडाशीच, सगळ्यांच्या समांतर, ४७० ओहमचा एक जाड रेझिस्टर कायमचा लावून ठेवला. एरवी तो असून नसल्यासारखा. पण आत काही तुटलं तर दोराचं टोक निदान एकाच्या तरी हातात राहावं. अ‍ॅम्प्लिफायरपासून पेटीपर्यंतची वायरही स्पीकरचीच, जाड. गिटारची बारीक वायर तिथे लावायची नाही.

एक इशारा मात्र आवाज चढवून द्यायला हवा. ही पेटी करायला अ‍ॅम्प्लिफायर उघडावा लागत नाही, आणि तो उघडूही नये. आत तीनशे व्होल्ट आणि त्याहूनही जास्त दाब असतो. प्लग काढून ठेवल्यावरही आतले कपॅसिटर तो कितीतरी वेळ धरून ठेवतात. बंद यंत्रानं माणूस जाऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. भाच्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली ती उपरी तार मी जाणकाराकडूनच काढून घेतली.

पेटी पूर्ण झाल्यावर ती लगेच जोडली नाही. आधी स्पीकरसारखीच मोजली. एकाच कागदावर दोन आलेख काढले, स्पीकरचा निळ्या आणि पेटीचा लाल शाईत. सुळका तीन हर्ट्झनं सरकलेला होता, घाट थोडा वेगळ्या वळणाचा. पण जमीन तीच होती. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना पेटी जोडली, बटण लावलं, व्हॉल्व्ह तापू दिले आणि आवाज हळूहळू चढवला.

पेटीच्या टोकांवर पंधरा वॅटला अकरा व्होल्ट येतात. कॉम्प्युटरला साधारण एक व्होल्ट पुरतो, म्हणून दहा हजार आणि एक हजार ओहमच्या दोन रेझिस्टरांनी त्याचा अकरावा हिस्सा काढून दिला. तो हेडफोनमध्ये ऐकला तेव्हा मात्र भांड्यात अडकलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज आला. घाबरायचं कारण नव्हतं. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. फाटलेल्या आवाजातली कचकच तो गाळून टाकतो. आमच्या पेटीनं अ‍ॅम्प्लिफायरची समजूत घातली होती, गाळणी अजून बाकी होती.

ती कॉम्प्युटरमध्ये लावता येते. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली की जो घुमारा उठतो, त्यात त्या गाभाऱ्याचा सगळा स्वभाव असतो. तसाच स्पीकरला एक क्षणभराचा ठोका देऊन त्याचं उत्तर मायक्रोफोननं टिपून ठेवतात. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. पुढे गिटारचा प्रत्येक क्षण म्हणजे असाच एक लहानमोठा ठोका समजून कॉम्प्युटर ती सगळी उत्तरं एकमेकांत मिसळतो. ती गाळणी लावली आणि भाच्याच्या कानावर हेडफोन चढवले.

तो वीस मिनिटं काही बोलला नाही. संगीतातल्या माणसाची याहून मोठी पावती नसते.

ही पेटी म्हणजे खरा स्पीकर नव्हे, हेही सांगायला हवं. मोठ्या आवाजात स्पीकरसमोर उभं राहिलं की हवा गिटारच्या तारांनाच थरथरवते आणि सूर लांबत राहतो, ते इथे होत नाही. खूप ताण आला की स्पीकरचा कागदही आपल्या परीनं वेडावाकडा वागतो, त्याची नक्कल पाच तुकड्यांत होत नाही. बाजारात तयार पेट्या मिळतात आणि त्यांतल्या चांगल्या पेट्या यापेक्षा अचूक असतात. रविवारी सकाळी अकरा वाजता, काकूंना आधी विचारून, भाचा अजूनही खरा स्पीकर जोडतोच. पण बाकीचे सहा दिवस पेटीवर भागतं. मध्यंतरी काकूच जिन्यात भेटल्या. “वाजवणं सोडलं का हो त्यानं? परीक्षा झाली की आमची!”

रात्री सगळं सामसूम असताना पेटीजवळ कान नेला तर एक गंमत ऐकू येते. कॉइलचे वेढे प्रवाहाबरोबर अगदी किंचित थरथरतात आणि त्यातून तीच धून, मुंगीच्या पावलांनी, बाहेर येते. पूर्ण मुकी अशी ती झालीच नाही. मीही ते वेढे आणखी आवळायच्या भानगडीत पडलो नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)